चिखलातून घरी आल्यावर: नव्या फोर बाय फोर मालकांसाठी गाडी आणि घराच्या दुरुस्तीचा क्रम

पावसाळ्यात ताम्हिणीच्या आसपास, भोरच्या आतल्या रस्त्यांवर किंवा गोव्याच्या लाल मातीत गाडी घातली की जी काही मोडतोड व्हायची ती तिथेच होते, असं नव्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात जास्त नुकसान पुढच्या आठ-पंधरा दिवसांत होतं, गाडी पार्किंगमध्ये शांत उभी असताना. हाउसिंगमध्ये (अ‍ॅक्सलवरच्या डिफरन्शियलच्या लोखंडी खोक्यात) शिरलेलं पाणी बेअरिंग गंजवतं, ब्रेक ड्रममधला चिखल वाळून लायनर खातो, यूजे क्रॉसमधलं (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातलं) ग्रीस धुऊन गेलेलं असतं आणि ते महामार्गावर खडखडायला लागल्यावर लक्षात येतं. म्हणून खालचा सगळा क्रम एकाच प्रश्नावर बेतला आहे: पाणी कुठे शिरलंय आणि ते बाहेर कसं काढायचं. घरातल्या पावसाळी दुरुस्त्याही बहुतेक पाण्याच्याच असतात आणि हत्यारं तीच लागतात, त्यामुळे शेवटी मोटार, नळ आणि भिंतही घेतली आहे.

जिप्सीला चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. जुन्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे, तर २०२० नंतरच्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग. पाट्यांचा भाग तुमच्या गाडीला लागू नसेल तर सोडून द्या. तेल, ग्रीस, ब्रेक आणि वायरिंग सगळ्यांना लागू आहे.

आधी जमवाजमव

हत्यारं आणि सामान:

- ८ ते २४ मिमी रिंग आणि फिक्स पाने, अर्धा इंची सॉकेट सेट, टॉर्क रेंच
- हायड्रॉलिक जॅक, किमान ३ टनांचे दोन जॅक स्टँड, चाकाला लावायला लाकडी ओट
- ग्रीसगन आणि ईपी-२ दर्जाचं लिथियम ग्रीस
- गिअर ऑइल ४-५ लिटर (नेमका प्रकार आणि माप मॅन्युअलमध्ये), तेल भरायचा हातपंप, जुनं तेल धरायला पसरट घमेलं
- मल्टिमीटर, टेस्टर, इन्सुलेशन टेप, वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज
- ट्यूबलेस पंक्चर किट, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, चांगला प्रेशर गेज
- तारेचा ब्रश, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, हातमोजे, चष्मा
- घरासाठी: टेफ्लॉन टेप, अर्धा इंची वॉशर, पाइप पाना, हॅमर ड्रिल

कागद: ओनर्स मॅन्युअल, आरसीचा फोटो (चॅसी नंबर आणि बनावटीचा महिना स्पष्ट दिसेल असा), विम्याची पॉलिसी आणि एक साधी वही. वहीत तारीख, किलोमीटर आणि काय बदललं एवढंच लिहायचं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर पहिल्या पानावर "सगळी तेलं अज्ञात" असं लिहा आणि चिखलात जायच्या आधीच सगळी बदलून घ्या.

हाय-लिफ्ट जॅकबद्दल एक गोष्ट पक्की ठरवा. तो चिखलातून गाडी सोडवायला आहे. त्यावर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. घरी हायड्रॉलिक जॅकने उचला, लगेच चॅसी किंवा अ‍ॅक्सलखाली स्टँड लावा, गाडी त्यावर टेकवा आणि हलवून बघा. मगच खाली शिरा. मागचं एक चाक उचलताना फक्त हँडब्रेकवर विसंबू नका: विलिस घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यामुळे मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे दुसरं मोकळं होतं आणि गाडी सरकते. पुढच्या दोन्ही चाकांना ओट लावलेच पाहिजेत.

१. इंजिन पाण्यात बंद पडलं असेल तर इथेच थांबा

ओढा ओलांडताना इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि त्याच दाबाने कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी आधी ओढून बाहेर काढा. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा आणि पाइपही कोरडा असेल तर कारण बहुधा विजेचं असतं. फिल्टर ओला असेल तर पेट्रोल गाडीत सगळे स्पार्क प्लग काढून, प्लगच्या भोकांसमोर कोणीही उभं न राहता, स्टार्टर फिरवतात आणि पाणी उडवून टाकतात. डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. कॉमन रेल इंजिनचे इंजेक्टर उघड्यावर काढायच्या फंदात पडू नका, गाडी टो करून गॅरेजला न्या.

साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनचं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. पॉलिसी आज काढून बघा, ओढ्यात उतरल्यावर नव्हे.

२. घरी पोचल्यावर पहिला तास

घराच्या अलीकडे दोन-तीन किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवा. लायनर आणि ड्रम गरम होऊन कोरडे होतात.

गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओले लायनर रात्रभर ड्रमला दाबून राहिले की गंजाने चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ओट लावा. चिकटलेलं चाक न सोडवता मारून मुटकून गाडी पुढे काढायला गेलात तर लायनरचं अस्तर पट्टीपासून सुटून येतं.

गाडी तापलेली असताना धुवायला घेऊ नका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी होऊ शकते, आणि तापलेल्या हाउसिंगवर पडलं तर आणखी पाणी आत ओढलं जातं. कसं, ते चौथ्या मुद्द्यात सांगितलंय. अर्धा-पाऊण तास थांबा. तेवढ्यात मॅट काढा, कार्पेट उचलून खाली हात लावून बघा. ओलं असेल तर फ्लोअरमधले रबरी प्लग काढून पाणी वाहू द्या आणि कार्पेट सुकल्यावर ते प्लग आठवणीने परत बसवा.

३. धुलाई, आणि धुलाईचं पाणी जातं कुठे

देशावरची काळी माती आणि कोकण-गोव्याची लाल माती यांचं वागणं वेगळं. काळी माती पाण्याने फुगते, चिकटते आणि वाळली की दगड होते. ती रिमच्या आतल्या बाजूला एका जागी साचली की चाकाचा तोल जातो आणि ६०-८०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बरेच जण लगेच बॅलन्सिंगला पळतात, रिम आतून खरवडून काढलं तर पैसे वाचतात. लाल माती लवकर निघते, पण तिच्यातले जांभ्याचे खरखरीत कण ब्रेक पॅड, सीलच्या कडा आणि अल्टरनेटरचे ब्रश घासून काढतात. म्हणून काळ्या मातीनंतर रिम आणि प्रोपेलर शाफ्ट, लाल मातीनंतर ब्रेक आणि अल्टरनेटर आधी बघा.

धुवायचा क्रम खालून वर. आधी चॅसी, मग व्हील आर्च, मग बॉडी. चॅसीच्या पोकळ दांड्यांना खालून निचऱ्याची भोकं असतात, ती जाड तार घालून मोकळी करा आणि आत पाणी सोडा. स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत थांबायचं. दांडी आतून सडते ती इथूनच. रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीचे पाते झोपतात आणि गाडी घाटात तापायला लागते. सील, ब्रीदर (हाउसिंगला हवा जाण्या-येण्याचं तोंड), अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडांवर जोराचा फवारा कधीच नको. समुद्राचं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी भरपूर गोडं पाणी मारा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, हे नव्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

आता घराची बाजू. दीड किलोवॅटचा वॉशर २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतो. ६ अँपिअरच्या छोट्या पॉइंटला बारीक वायरचं एक्स्टेंशन लावून तो चालवला की प्लग वितळतो. १६ अँपिअरचा पॉइंट आणि २.५ चौरस मिमीची वायर वापरा, आणि रीळावरची वायर पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली वायर तापते. त्याहून महत्त्वाचं: ओल्या फरशीवर उभं राहून विजेचं यंत्र चालवताना एमसीबी तुम्हाला वाचवत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला शॉक बसताना वीज तोडतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्यावर टेस्टचं बटण असतं. ते दाबून वीज जाते का ते बघा, जात नसेल तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वॉशर लावू नका. आणि घरात आरसीसीबी नसेलच, तर गाडीवर पुढचा खर्च करण्याआधी तो बसवून घ्या.

अंगणातली किंवा पार्किंगमधली जाळी उचलून चिखल थेट आत ढकलला की नहाणी ट्रॅप आणि पुढचा चेंबर तुंबतो. जाळीवर जुनी गोणपाटाची घडी ठेवा, पाणी गळून जातं, माती वर राहते, ती घमेल्याने उचलून झाडांना टाका. तुंबलंच तर आधी ट्रॅपमधली वाटी काढून हाताने गाळ काढा. अ‍ॅसिड ओतून माती विरघळत नाही.

४. तेलं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

चालून तापलेलं हाउसिंग गार पाण्यात शिरतं तेव्हा आतली हवा आकसते आणि पोकळी तयार होते. ती पोकळी भरून काढायला हवा यायची सोय म्हणजे हाउसिंगच्या माथ्यावरचा ब्रीदर. तो पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी येतं, चिखलाने बुजला असेल तर सीलच्या ओठावरून येतं. बुजलेल्या ब्रीदरचा उलटा त्रासही आहे: हाउसिंग तापलं की दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर पडून मागच्या लायनरवर उतरतं. त्यामुळे ड्रममध्ये तेल दिसलं की सील बदलण्याआधी ब्रीदर बघा, नाहीतर नवीन सीलही महिन्याभरात गळतं.

ब्रीदरची टोपी बोटांनी फिरवून बघा, सहज हलली पाहिजे. कायमचा उपाय म्हणजे ब्रीदरच्या जागी ६ किंवा ८ मिमीची पेट्रोलची नळी जोडून ती वर न्यायची, पुढची फायरवॉलजवळ, मागची टेललॅम्पच्या मागे. टोकाला छोटा फ्युएल फिल्टर लावा. अ‍ॅक्सल खाली-वर होतो, तेव्हा नळीला पुरेशी ढील ठेवा. ताणून बांधलेली नळी पहिल्याच खड्ड्यात निघून येते.

तपासणी अशी करा. गाडी सपाट जागी रात्रभर उभी राहू द्या. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी गाडी न हलवता आधी भरायचा नट उघडा. हा क्रम चुकवू नका. आधी खालचा नट काढून तेल सोडलं आणि वरचा जाम निघाला, तर बिनतेलाची गाडी दारात उभी राहते. वरचा नट उघडतोय याची खात्री झाली की खालचा नट अर्धा-एक आटा सैल करा आणि पहिले थेंब पांढऱ्या वाटीत धरा. आधी स्वच्छ पाणी आणि मग तेल आलं तर पाणी शिरलंय. तेलाचा रंग दुधाळ कॉफीसारखा असेल तर पाणी शिरून गाडी त्यावर चाललेलीही आहे. नटाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा करडा, मऊ लेप नेहमीचा. बोटाला टोचणारे पत्र्याचे तुकडे लागले तर आत गिअर किंवा बेअरिंग तुटतंय.

पाणी निघालं तर:

१. गाडी पाच-सात किलोमीटर सावकाश चालवून तेल कोमट करा आणि सगळं सोडा.
२. त्याच ग्रेडचं स्वस्तातलं तेल भरा, दहा-पंधरा किलोमीटर चालवा, पुन्हा सोडा.
३. मग चांगलं तेल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. गाडी सपाट हवी, नाहीतर पातळी चुकते.
४. नटांचे वॉशर नवे घाला.

काही ठिकाणी डिझेलने हाउसिंग धुतात. ते टाळा. कोपऱ्यांत राहिलेलं डिझेल नव्या तेलाला पातळ करतं आणि क्राउन-पिनिअनवर तेलाचा थर टिकत नाही.

ग्रेडमध्ये नव्या माणसाची फसगत होते. हाउसिंगला सहसा जीएल-५ लागतं. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ घालू नका, त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंग खातात आणि गिअर खरखरायला लागतात. साखळीवर चालणाऱ्या काही ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) तर गिअर ऑइल नव्हे, एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लागतं. मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असेल तर कंपनीने सांगितलेलंच तेल भरा. दुकानदार "सगळ्याला चालतं" म्हणून एकच डबा देत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

जिप्सीवाल्यांनी पुढच्या नकलचा (पुढचं चाक वळतं त्या सांध्याचा) गोळाही बघावा. गोळ्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवल्यासारखा थर असणं बरोबर. ग्रीस पातळ होऊन तेलकट धारा खाली रिमवर उतरत असतील तर अ‍ॅक्सलमधलं आतलं सील गेलंय आणि हाउसिंगचं तेल नकलमध्ये येतंय. असं असेल तर हाउसिंगची पातळी कमी झालेली असणारच.

जुनं तेल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते गोळा करून नेलं जातं.

५. ग्रीस

पाण्यातून जाऊन आल्यावर त्याच आठवड्यात ग्रीस मारायचं, पुढच्या सर्व्हिसची वाट बघायची नाही. निप्पल (ग्रीसगन लावायचं छोटं तोंड) आधी कापडाने पुसा. पुसला नाही तर गनच्या दाबाने त्यावरची वाळूच आत जाते. यूजे क्रॉसच्या चारही टोप्यांतून नवं ग्रीस दिसेपर्यंत मारा. आधी पाणी, मग गंजाच्या रंगाचं ग्रीस, मग ताजं, असं येतं. एका टोपीतून येतच नसेल तर शाफ्ट थोडा हलवून पुन्हा प्रयत्न करा, तरीही नाही आलं तर ती टोपी आतून कोरडी आहे आणि क्रॉस बदलायला झालाय. स्लिप जॉइंटला मात्र दोन-तीन स्ट्रोक पुरे. तो गच्च भरला की शाफ्ट आत सरकायला जागा राहत नाही आणि दणका ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर जातो. पाट्यांच्या शॅकल पिनांना निप्पल असतील तर तेही घ्या.

६. ब्रेक

मागचा ड्रम उघडायला हँडब्रेक सोडलेला हवा. ड्रम अडकला तर हातोडा घेण्याआधी नीट बघा: बऱ्याच ड्रमांना दोन आट्यांची भोकं असतात, बहुधा ८ मिमी बोल्टची. दोन्हीत बोल्ट घालून आलटून-पालटून अर्धा-अर्धा आटा आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो.

आतली वाळलेली माती हवेने उडवू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. लायनरवर आरशासारखी चकाकी आली असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने मारा. तेल मुरलेला लायनर मात्र जाळून, घासून वाचत नाही, तो बदलायचाच, आणि दोन्ही चाकांचे एकदम. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड नखाने उचला. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. दोन वर्षांनी बदलावं, आपल्या पावसात तर त्याआधी बदललं तरी वाया नाही. ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) करताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. एबीएसच्या गाडीला मॅन्युअलमधला क्रम पाळा. ब्लीडरचा नट घट्ट झाल्याशिवाय आतल्या माणसाने पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत. हे ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग उचलतो.

७. चाकं, बेअरिंग, पाटे

चाक उचलून वर आणि खाली धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा. एवढी एक चाचणी माहीत असली की गॅरेजला "पुढून आवाज येतो" असं मोघम सांगावं लागत नाही.

पाट्यांचे यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. सैल यू-बोल्टमुळे मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल मागे सरकतो. पाटे उघडले असतील तर यू-बोल्ट नवेच घाला. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने आवळा आणि पन्नास किलोमीटरवर पुन्हा तपासा.

मूळ मापापेक्षा फार मोठे टायर किंवा सस्पेन्शन उचलण्याचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल आहे. आरटीओत अडकतं ते इथेच, आणि खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला जाते तेव्हा हमखास.

८. हवा आणि पंक्चर

चिखलात १८-२० पीएसआय, मऊ वाळूत १५. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसेल तर त्याखाली नको, वळणावर टायर रिममधून सुटतो. डांबरी रस्ता लागला की लगेच नेहमीची हवा भरा. कमी हवेत वेगाने चालवलेल्या टायरची बाजू आतून तापून फाटते आणि बाहेरून ते दिसत नाही.

पंक्चर काढताना खिळा ज्या कोनात शिरलाय त्याच कोनात रीमर घाला, पाच-सहा वेळा वरखाली करा, पट्टीला सोल्युशन लावून दोन-तृतीयांश आत ढकला, सुई झटक्यात बाहेर ओढा, उरलेलं टोक ट्रेडच्या बरोबरीने कापा आणि साबणाच्या पाण्याने फेस येतो का ते बघा. हा तात्पुरता इलाज. घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या. बाजूच्या भिंतीचं पंक्चर दुरुस्त होत नाही, कोणी करून देतो म्हटलं तरी करू नका.

९. बॅटरी आणि वायरिंग

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मीच. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. कमी येत असेल तर अल्टरनेटरमध्ये चिखल आहे का बघा, कमी दाबाच्या साध्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, मगच नवा घ्यायचा विचार करा. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह.

जास्तीचे दिवे हा सगळ्यात घातक हौसेचा भाग. १२० वॅटचा लाइट बार १० अँपिअर घेतो. त्याला २.५ चौरस मिमीची वायर, रिले आणि १५ अँपिअरचा फ्यूज द्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधली वायर चॅसीला घासून उघडी पडली तर काहीच करत नाही, आणि गाड्या पेटतात त्या अशाच.

१०. तीच हत्यारं घेऊन घरात

*पाण्याची मोटार गूं गूं करते, फिरत नाही.* लगेच बंद करा, अशीच अर्धा मिनिट ठेवली तरी वाइंडिंग जळू शकतं. एमसीबी पाडा, प्लग काढा. मागच्या पंख्याचं झाकण काढून शाफ्ट हाताने फिरवा. जड असेल तर गंजाने जाम झालाय, थोडं ऑइल देऊन मोकळा करा. सहज फिरत असेल तर बहुधा कंडेन्सर गेलाय. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते. दोन टोकांना बल्बचा होल्डर जोडून ती उतरवा, मगच हात लावा. नवा घेताना जुन्यावरचा एमएफडीचा आकडा तोच हवा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त.

*मोटार फिरते, पाणी येत नाही.* हवा धरलीय. प्राइमिंगचा नट काढून पाणी भरा. भरलेलं पाणी खाली उतरतच राहिलं तर फूट व्हॉल्व्ह (टाकीतल्या पाइपच्या तळाची झडप) गळतोय, बहुतेक वेळा त्यात काडीकचरा किंवा वाळू अडकलेली असते.

*नळ ठिबकतो.* जुन्या पद्धतीच्या नळाला स्पिंडल काढून अर्धा इंची वॉशर. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो, आत सिरॅमिक डिस्कचं कार्ट्रिज असतं. ते काढून नमुना घेऊन दुकानात जा. टेफ्लॉन टेप आट्यांकडे समोरून बघत घड्याळाच्या दिशेने आठ-दहा वेढे. उलटे वेढे नळ फिरवताना सुटून येतात. प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ ताकदीने आवळू नका, भिंतीच्या आत एल्बो चिरतो. बदलायची वेळ आली तर ब्रास आट्यांचा एल्बो घाला.

*भिंतीवर जॅक आणि हत्यारांचा रॅक.* प्लास्टरची जाडी दीड-दोन सेंटिमीटर असते आणि प्लास्टर वजन धरत नाही. ८ मिमीच्या बिटाने पन्नास-साठ मिमी खोल जा, म्हणजे प्लग विटेत बसतो. नव्या इमारतींत भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात, त्यात साधा प्लग फिरत राहतो. त्यासाठीचे वेगळे अँकर मिळतात. हाय-लिफ्ट जॅक दहा-बारा किलोंच्या वर असतो, म्हणून रॅक कंबरेच्या उंचीवर घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, वायरचे पाइप तिथूनच जातात.

११. सुटे भाग घेताना

चॅसी नंबर दाखवूनच भाग मागा. एकाच नावाच्या गाडीला वर्षागणिक वेगळं बेअरिंग, वेगळा क्रॉस बसतो. क्रॉस घेताना टोपीचा व्यास आणि समोरासमोरच्या टोप्यांमधलं अंतर मोजून न्या. बेअरिंग आणि सील एकत्रच बदला. जुनं सील उपटताना त्याची कड वाकलेली असतेच. सीलच्या बाजूवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये छापलेले असतात. पुसून त्यांचा फोटो काढा, कारण गाडीचा भाग म्हणून न मिळणारं सील त्या तीन आकड्यांवर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं.